घराचा पत्ता, यंत्राचा पत्ता

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक विचित्र प्रकार घडला. घर जुने, भिंती जांभ्या दगडाच्या, चांगल्या दीड हात रुंदीच्या. पुढच्या पडवीत फायबरची तार आलेली, आणि तिथेच राऊटर नावाची ती दिवे लुकलुकणारी पेटी भिंतीवर बसवलेली. पण माजघरापलीकडच्या खोलीत वायफाय काही पोचेना. माळ्यावर एक जुनी पेटी पडून होती. ती मी खाली उतरवली, दोन्ही पेट्या केबलने एकमेकींना जोडल्या आणि आपण मोठे शहाणपणाचे काम केले अशा समजुतीत स्वस्थ झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून घरात गोंधळ सुरू झाला. कुणाचा मोबाईल चाले, कुणाचा चालेना. सकाळी चाललेला दुपारी बंद पडे. पेट्यांवरचे दिवे मात्र हिरवेगार! मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख तोंडावर आलेली. अखेर माझा एक जुना विद्यार्थी आला. दोन्ही पेट्या उलट्या करून त्यांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या त्याने वाचल्या आणि हसून म्हणाला, "सर, या घरात दोघांचा पत्ता एकच आहे. पत्र कुणाच्या हाती पडणार?"

मी इतिहासाचा माणूस. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण "पत्ता" हा शब्द ऐकला आणि कान टवकारले. पत्त्याला इतिहास असतो. मग या पेटीतल्या पत्त्यांचा इतिहास कोणता? ते कुणी ठरवले, कशासाठी ठरवले, आणि ते खरे आहेत हे कोण पाहतो? या प्रश्नांच्या मागे लागून जे हाती आले, ते आज आपणांसमोर ठेवतो.

प्रथम आपल्या ओळखीचा पत्ता घेऊ. आपण पाकिटावर आधी माणसाचे नाव लिहितो, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. पण टपाल खाते हा पत्ता खालून वर वाचते. आधी जिल्हा, मग गाव, आणि माणसाचे नाव वाचायची पाळी येते ती शेवटी, गावच्या पोस्टमनवर. एकाच नावाची गावे अनेक, भाषा अनेक, अक्षरे नाना तऱ्हेची. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा आकड्यांचा पिन कोड सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेत पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, आणि पुढचे आकडे क्षेत्र लहान करीत करीत एका टपाल कचेरीपर्यंत आणून सोडतात. महाराष्ट्र आणि गोवा यांचे पिन कोड ४ या आकड्याने सुरू होतात, ते याच कारणाने. दिल्लीच्या माणसाला आपली वाडी माहीत असण्याची गरज नाही. पहिला आकडा पाहून त्याने थैली योग्य दिशेला लावली की त्याचे काम संपले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे याच पायावर उभे आहे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण या पेटीची वंशावळ तिकडची आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे एकच विचार मांडला. संदेश अखंड पाठवू नये. त्याचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि ज्याला जी वाट मोकळी सापडेल तिने त्याला जाऊ द्यावे. या तुकड्यांना डेव्हिस यांनी "पॅकेट" हे नाव दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. शब्द होता "लॉगिन". पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! पण वाट पडली ती पडली. वर्ष संपेपर्यंत या जाळ्यात चार ठिकाणे आली. प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाच्या पुढे एक वेगळे यंत्र बसवले होते. आलेले पॅकेट घ्यायचे, पत्ता पाहायचा, पुढे धाडायचे, एवढेच त्याचे काम. आकाराने ते एखाद्या कपाटाएवढे. आपल्या पडवीतल्या पेटीचे ते आजोबा म्हणायला हरकत नाही.

चार घरांच्या वस्तीत पत्त्याची अडचण ती काय असणार? पण वस्ती वाढू लागली. कोणत्या संगणकाचे नाव काय आणि क्रमांक काय, याची एक यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. तिची व्यवस्था एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या बाईंच्या कचेरीकडे होती. नवा संगणक जोडायचा तर त्या कचेरीला कळवायचे. ती यादीत नाव घालणार, आणि बाकीच्यांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. गावच्या तलाठ्याकडे एकच वही असावी, तसा हा प्रकार. वहीवर सर्वांचा विश्वास होता, कारण वही ठेवणारी माणसे सर्वांना ठाऊक होती.

दरम्यान अशी जाळीही अनेक झाली. त्यांची भाषा एक करण्याची योजना व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडली. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी तिचा आजही चालणारा मसुदा प्रसिद्ध केला आणि १ जानेवारी १९८३ या दिवशी अमेरिकेतल्या त्या मूळ जाळ्याने जुनी पद्धत सोडून ही नवी स्वीकारली. तिच्यात प्रत्येक यंत्राला चार भागांचा क्रमांक मिळतो आणि प्रत्येक भाग शून्य ते २५५ यांपैकी एक असतो. असे एकंदर सुमारे ४२९ कोटी क्रमांक होतात. त्या काळी जोडलेले संगणक काही शेकड्यांत होते. ४२९ कोटी म्हणजे कधी न संपणारी कणगी, असेच तेव्हा वाटले असणार.

हा क्रमांक पिन कोडसारखाच आहे. डावीकडचे आकडे मुलूख सांगतात, उजवीकडचे घर सांगतात. परंतु मुलूख कुठे संपला आणि घर कुठे सुरू झाले, हे कसे कळावे? त्यासाठी दुसरा एक आकडा बरोबर दिलेला असतो. आपल्या घरच्या पेटीच्या पानावर २५५.२५५.२५५.० असे काहीतरी दिसते ना, तोच हा. त्याचा अर्थ इतकाच, की पहिले तीन भाग म्हणजे आपली वाडी आणि शेवटचा भाग म्हणजे वाडीतले घर. आपला मोबाईल काही पाठवू लागला, की आधी एवढेच पाहतो: समोरच्याचे पहिले तीन भाग माझ्यासारखेच आहेत का? असतील तर तो आपल्याच वाडीतला. थेट त्याला गाठायचे. नसतील तर तो परगावचा. पत्र वेशीवर नेऊन द्यायचे. आपल्या घरात ही वेस म्हणजेच ती पेटी.

वेशीबाहेर पडलेले पॅकेट पुढे कसे जाते? पूर्वीचे टपालाचे हरकारे आठवा. पहिला हरकारा थैली घेऊन धावे आणि पुढच्या टप्प्यावर दुसऱ्याच्या खांद्यावर देई. पहिल्याला शेवटचे गाव पाहण्याची गरज नसे. पुढचा टप्पा ठाऊक असला म्हणजे पुरे. राऊटरही तसेच. प्रत्येकाजवळ एक तक्ता असतो: अमुक मुलखाचे टपाल अमुक शेजाऱ्याकडे. एखादे पॅकेट वाट चुकून गोल गोल फिरत राहू नये म्हणून त्यावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतात. सबंध वाट कुणालाच माहीत नसते, तरी पत्र पोचते. प्रत्येकाने फक्त पुढचा टप्पा खरा सांगितला पाहिजे, एवढीच अट.

आता वाडीच्या आत काय होते ते पाहू, कारण आमच्या घरातले भांडण तिथलेच होते. गंमत अशी, की यंत्राला दोन ओळखी असतात. एक हा आयपी क्रमांक. तो जागेप्रमाणे बदलतो. दुसरी कारखान्यातून निघतानाच मिळालेली, बारा अक्षर-आकड्यांची. पहिली म्हणजे घर क्रमांक आणि दुसरी म्हणजे माणसाच्या अंगावरचा तीळ म्हणा. घरातल्या घरात पॅकेट हाती द्यायचे ते तीळ पाहून. मग अमुक क्रमांकाचा तीळ कोणता, हे कळायचे कसे? याचे उत्तर नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी लिहून ठेवले. त्याला एआरपी म्हणतात. उत्तर अगदी गावठी आहे: मोठ्याने हाक मारून विचारायचे! "१९२.१६८.१.१ हा क्रमांक कुणाचा?" हाक सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचा क्रमांक असेल तो "माझा" म्हणतो आणि आपली खूण सांगतो. विचारणारा ती काही काळ टिपून ठेवतो. दवंडी पिटून माणूस शोधावा, तसाच हा प्रकार.

"माझा" म्हणणारा खरे बोलतो की नाही, याची तपासणी मात्र या पद्धतीत नाही. एका खोलीतली, एकमेकांच्या ओळखीची यंत्रे. खोटे कोण कशाला बोलेल?

आमच्या घरी खोटे कुणीच बोलत नव्हते. पण पुष्कळ पेट्यांना कारखान्यातच १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता दिलेला असतो. मोबाईल हाक मारी, "वेशीचा धनी कोण?" आणि दोन्ही पेट्या ओ देत. नव्या पेटीचे उत्तर धरले तर पत्र फायबरवरून बाहेर जाई. जुनीचे धरले तर संपले, कारण जुनीला बाहेरची वाटच नव्हती. शिवाय आल्या-गेल्या यंत्राला क्रमांक वाटण्याचे काम पेटीच करते. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ सालची. दोन पेट्या, दोन वाटपे! माझ्या विद्यार्थ्याने काय केले? नवीला हात लावला नाही. जुनीचा शेवटचा आकडा १ चा २ केला, तिचे क्रमांक वाटणे बंद केले, आणि केबल तिच्या घरच्या बाजूच्या भोकात आहे ना, ते पाहिले. दहा मिनिटांत काम झाले. त्याच संध्याकाळी मुलीचा अर्ज गेला.

असो. पुन्हा इतिहासाकडे वळू. १९८३ च्या सुमारास ती नावांची एक वही पुरेनाशी झाली. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी त्याच वर्षी वहीचे गावोगाव वाटप केले. यालाच डीएनएस म्हणतात. आपण मुंबई विद्यापीठाचा पत्ता "एमयू डॉट एसी डॉट इन" असा लिहितो. शोधणारा तो टपाल खात्याप्रमाणे शेवटाकडून वाचतो. आधी मुळाशी विचारतो, "इन"ची वही कुणाकडे? तिथे गेल्यावर विचारतो, "एसी"ची कुणाकडे? मग "एमयू"ची. शेवटी क्रमांक हाती येतो. आपल्या घरची पेटी हा शोध स्वतः घेत बसत नाही. कुणाला विचारायचे त्याचा क्रमांक तिच्यात लिहिलेला असतो, आणि तो जे सांगेल ते ती खरे मानते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

पुढे कणगीचा तळ दिसू लागला. एका वाड्यातल्या दहा यंत्रांना दहा जागतिक क्रमांक कुठून आणायचे? १९९४ साली एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तोड सुचवली. वसतिगृहाचे उदाहरण घ्या. मुलांची पत्रे बाहेर जातात ती वसतिगृहाच्या एकाच पत्त्यावरून. कोणते पत्र कुणाचे, ते रेक्टर रजिस्टरात टिपतात. उत्तर आले की रजिस्टर पाहून खोलीत पोचते. ज्याची नोंद नाही ते दारातूनच परत जाते. या तोडीला नॅट म्हणतात. आतल्या खोल्यांना द्यायचे काही क्रमांक मग सर्वांसाठी राखून ठेवले गेले. १० ने सुरू होणारे त्यातलेच, आणि १९२.१६८ ने सुरू होणारेही. म्हणून आपल्या घरात आणि आपल्या शेजाऱ्याच्या घरात एकच क्रमांक असला तरी बिघडत नाही. एकाच घरात दोघांना असला, की बिघडते. शाळेतला कॅमेरा बाहेरगावाहून पाहायचा असेल तर रजिस्टरात कायमची नोंद करावी लागते, तीही याचसाठी.

आपल्या देशात या जाळ्याचे बी १९८६ साली एर्नेट या शैक्षणिक प्रकल्पाने पेरले. त्यात आयआयटी होत्या आणि मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्थाही होती. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पिन कोडचीच तारीख, तेवीस वर्षांनंतरची. तिकडे जगाच्या कणगीतला शिल्लक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. त्याची तरतूद म्हणून फार लांब क्रमांकांची नवी पद्धत आधीच तयार होती; तिला आयपी आवृत्ती सहा म्हणतात. आज भारतात ती मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती आपल्या पेटीत शेजारी शेजारी नांदतात.

इथवरचा इतिहास हुशारीचा झाला. पण त्यात एक धागा सारखा दिसतो, तो विश्वासाचा. हाकेला आलेले उत्तर खरे मानायचे, शेजाऱ्याने सांगितलेली वाट खरी मानायची, वहीतले नाव खरे मानायचे. वस्ती लहान होती तोवर हे चालून गेले. वस्ती मोठी झाल्यावर काय होते, त्याची दोन उदाहरणे सांगतो.

मोठमोठी जाळी एकमेकांना वाटा कशा सांगतात, त्याचा आराखडा १९८९ साली लॉकीड आणि रेक्टर या दोघांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर काढला होता. त्यात नियम असा, की मोठ्या मुलखापेक्षा लहान मुलखाची सूचना अधिक नेमकी, म्हणून ती पाळायची. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा हुकूम निघाला. तिथल्या दूरध्वनी कंपनीने "यूट्यूबची वाट माझ्याकडून" अशी लहान मुलखाची सूचना काढली. ती देशातच राहायची, पण शेजारच्या जाळ्याने पुढे सांगितली, त्याने पुढच्याला सांगितली, आणि सुमारे दोन तास जगभरची पॅकेटे त्या आडवाटेला लागली. कुणी दार फोडले नव्हते. चुकीची वाट सांगितली गेली आणि सर्वांनी ती खरी मानली.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या तपास खात्याने एस्टोनियातल्या सहा जणांवर आरोप ठेवले. त्यांच्या टोळीने जगभरातल्या सुमारे चाळीस लाख संगणकांत "नाव कुणाला विचारायचे" हा क्रमांकच बदलून टाकला होता. माणूस नाव बरोबर लिही, पण उत्तर टोळीचा माणूस देई. त्यांचा प्रोग्राम घरगुती पेट्यांतही शिरू पाही. कसा? कारखान्याने घातलेला पासवर्ड वापरून! मालकाने तो कधी बदललेलाच नसे.

श्रोतेहो, आता हा प्रश्न संगणकवाल्यांपुरता राहिलेला नाही. आपल्या पडवीतल्या पेटीवरून शाळेचे निकाल जातात, पीक विम्याचे अर्ज जातात, बँकेचे व्यवहार होतात. पूर्वी पोस्टमन कोण आहे हे गाव जाणत असे. आज घरातला पोस्टमन ही पेटी आहे, आणि तिला ओळखणे आपल्याकडे आले आहे.

त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. पेटीच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावरचा क्रमांक घरातल्या संगणकावर लिहिलात की पेटीचे पान उघडते. पहिले काम, त्या पानाचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे विसरू नका. दुसरे, डीएनएस या शब्दापुढे कोणता क्रमांक आहे ते वहीत टिपून ठेवा. पुढे तो आपोआप बदललेला दिसला, तर सेवा देणाऱ्या कंपनीला विचारा. तिसरे, दुसरी पेटी जोडायची झाली तर तिचा पत्ता आधी निराळा करा आणि तिचे क्रमांक वाटणे बंद करा. शिक्षकबंधू-भगिनींनी तर हे वर्गात करून दाखवावे. दहा मुलांना दहा क्रमांक द्यावेत, एकाने हाक मारावी आणि दोघांनी मुद्दाम एकदम "माझा" म्हणावे. मुले हसतील, पण उत्तर कुणाकडून आले ते विचारले पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात राहील.

आमच्या घरी आता दोन्ही पेट्या सुखाने नांदत आहेत. जुनीच्या पाठीवर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर ठळक आकडा लिहिला आहे: २.